पोपटी लुगडं बोटीवर गेलं

त्या दिवशी ओटीवर कोन कोन होतं ते पयलं सांगते. माझी सासू होती, भिंतीला टेकून, दुखरे गुडघे लांब करून. माझी ननंद होती, सासरहून मुद्दाम बघायला आलेली. माझा नवरा दारात बसून विडी ओढत होता. माझी धाकटी जाव होती, जिची जायची तयारी चालली होती. आनि मी. एवढी पाच मानसं. आता त्यातली मी एकलीच उरली हाय, म्हनून सांगायला हरकत नाय. नातीला बोलली, मी बोलते तसं लिही, सुधारू नको.

मध्ये माझी ट्रंक उघडी होती. पत्र्याची, निळी, झाकनावर गुलाबाचं फूल. लग्नात बापसानं दिलेली. जावेनं ती मागून घेतली होती, कारन ती बोटीनं गोव्याला चालली होती. फिरायला. एकटी.

बेलापूरच्या खाडीला आमचं गाव. वाशीचा पूल होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमची भातशेती नि मिठागर दोन्ही नव्या शहरात गेलं होतं, नि शहर अजून आलं नव्हतं. नुसता मुरूम टाकून ठेवलेला. माझा नवरा त्याच मुरमाच्या गाड्या भरायला जायचा. मी खाडीत उतरून निवट्या नि खुबे काढायची नि बाजारात बसायची. माझा दीर तेवढा सरकारी हापिसात शिपाई लागला होता. तो तापानं गेला. त्याच्या जागेवर जावेला घेतली, कारन ती सात बुकं शिकलेली. मूलबाळ नव्हतं तिला. सकाळी इस्त्रीचं पातळ नेसून, पर्स घेऊन ती एस्टीला जायची, नि मी तिच्या बाजूनं टोपली घेऊन खाडीकडं. लोक तिला बघून चुकचुकायचे, बिचारी बोलायचे. मना कोनी कधी बिचारी बोललं नाय. माझा नवरा जिता होता ना.

मी तिच्यावर जळायची. विधवेवर जळायची. हे बोलायला तोंड उघडत नाय, पन तसंच होतं. तिच्या चपलेवर जळायची. रविवारी ती दुपारी झोपायची, त्या झोपेवर जळायची.

आनि बोटीवर तर जास्तच. का, ते सांगते. माझं माहेर उलव्याचं. बापूस मिठाच्या मचव्यावर तांडेल. मीठ भरून मुंबईला जायचा, नि परत आला की आमाना सांगायचा की गोव्याची बोट बघितली. पांढरी, तीन माळ्यांची, भोंगा वाजवला की मचवा थरथरतो. मी बोलायची, बाबा, मना मचव्यावर न्या, मना ती बोट बघायची हाय. तो बोलायचा, बाईनं मचव्यावर पाय ठेवू नये, मच्छी रुसते, वारा रुसतो. मी बोलायची, तुमी तर मीठ नेता, मच्छी कुठं नेता. तो हसायचा, पन न्यायचा नाय. होडीतून खाडी वलांडली तेवढंच माझं पानी.

तर जावेला हापिसातून फिरायला जायचं भाडं मिळत होतं. चार वर्षांतून एकदा देतात बोलली. तिच्याबरोबर काम करनाऱ्या बाईची बहीन पनजीला राहायची, तिथं एक खोली मिळनार होती. हे तिनं चुलीजवळ बसून मनाच पयलं सांगितलं. नि बोलली, "बघू वैनी, दोन तिकटं मिळतात काय."

दोन. बाकी काय बोलली नाय. पन मी त्या दोनावर पंधरा दिवस जगली. दुसरं तिकीट कोनाचं असनार. सासूचे गुडघे गेलेले. ननंदेला घर सुटत नाय. मग मीच ना. मी इचारलं नाय. मागून घेतलं तर ते भीक झालं, बोलावलं तर मान.

ट्रंक द्यायची म्हनून मी ती धुतली, उन्हात तापवली, तळाला पेपर घातला. नि पेपराखाली माझं पोपटी लुगडं ठेवलं. तांबड्या किनारीचं. माझ्या हळदीला बापसानं दिलेलं, माझं एकच चांगलं लुगडं. मनात हेच, की ती ऐन वेळी बोलेल, चला वैनी, नि मी बोलेन, माझं काय, माझं ठेवलेलंच हाय. धावपळ नको.

आता ओटीवर या.

ट्रंक मीच भरत होती. मचवा कसा भरायचा ते बापसाकडनं ऐकलेलं, म्हनून ते काम माझ्याकडं. जड ते खाली, मऊ ते कडेला, मध्ये पोकळी ठेवायची नाय, नायतर लाटेवर सामान फिरतं. तांब्या पालथा घालून त्यात सुक्या मिरच्या भरल्या. आल्याचे तुकडे मीठ लावून वाळवलेले, ती पुरचुंडी. आमसुलं. बोट लागली तर तोंडात धरायला. खाली अंथरायला गोधडी. तांदळाच्या भाकऱ्या दोन दिवस टिकतील अशा, वर लसनाची चटनी. मी धरून चालली होती की बोटीवर खायचं आपलं आपन न्यायचं, मचव्यासारखं.

जाव बोलली, "वैनी, तिथं खानावळ असते."

"असू दे. दर्यात चूल इझली तर?"

ननंद हसली. तिचा डोळा जावेच्या पिशवीवर होता. जाव एकेक वस्तू काढून माझ्या हातात देत होती. तीन फिकी पातळं. साबनाची डबी. मग एक छोटा आरसा, नि पावडरचा डबा.

ननंद बोलली, "पावडर कोनाला दाखवायला गो वैनी? माशांना?"

"घामाला," जाव बोलली.

"नि आरसा?"

"केसं इंचरायला. तुमच्या घरी भांग बघायला काय परात घेता?"

नवऱ्याला हसू आलं, विडीचा ठसका लागला. सासू नाय हसली. तिनं आरसा हातात घेतला, मागनं पुढनं बघितला नि माझ्याकडं दिला. "भर," बोलली. मग जावेला बोलली, "सोबतीला कोन हाय तुझ्या?"

माझा हात गोधडीच्या घडीवर थांबला.

जाव बोलली, "कोन नाय. मी एकटीच जानार."

"एकटी कशी जाशील गो? बाई मानूस. चार लोक काय बोलतील?"

"तिकीट एकाचंच काढलंय आये. काल काढलं."

सासू बोलली, "मग हिला तरी ने. हिला पान्याची माहिती हाय." हिला म्हंजे मना.

मी खाली मुंडी घालून बसली. जाव माझ्याकडं बघत होती, ते मना डोक्याच्या कातडीला कळत होतं. मग ती हळू पन सरळ बोलली, "नको आये. मला एकटीलाच जायचंय."

नवरा दारातनं बोलला, "जाऊ दे गो तिला. हापिसात शेकड्यानं लोकांत वावरते ती." नि मना बोलला, "तू गेल्यावर भाकऱ्या कोन भाजेल?"

मी बोलली, "मी कुठं चालली? मना काय येड लागलंय?"

नि भरत राहिली. आरसा पातळांच्या मधी घातला, फुटू नये म्हनून. आता बघा, माझं लुगडं तळाला, त्याच्यावर सगळं. ते काढायचं तर सगळं उपसावं लागनार, नि चार मानसांसमोर मी काय काढते ते दिसनार. ननंद बोलली असती, अगो, ही तर लुगडं ठेवून बसली होती. जन्मभर बोलली असती. मी झाकन लावलं. वरनं काथ्या बांधला, उभा-आडवा, बापसाची गाठ मारली. ती गाठ एका बाजूनं ओढली की सुटते नि दुसऱ्या बाजूनं कितीपन ओढा, घट्टच होत जाते. जावेला दोनदा दाखवली. रागात दाखवली, लवकर लवकर. तिला ती जमली नाय तर बरं, असं मनात होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवरा ट्रंक खांद्यावर घेऊन तिला सोडायला भाऊच्या धक्क्याला गेला. मी वेशीपर्यंत गेली. जाव माझ्या पाया पडली नि बोलली, "येते वैनी." मी बोलली, "ये. पोट रिकामं ठेवू नको, नजर लांब ठेव." हे बापसाचे शब्द. ते पन तिला देऊन टाकले.

नवरा दुपारी आला. भाकरी खाता खाता सांगायला लागला, "मना वर जाऊ दिलं गो. ट्रंक ठेवायला. काय बोट हाय. लाकडी बाकं, वरती पडदे, एक जन चहाचे कप घेऊन फिरतो. भोंगा वाजला तर माझ्या पायाखालची फळी हालली."

मी बोलली, "चटनी वाढू?"

त्या दिवशी मी त्याच्यावर पन जळली. ट्रंक ठेवायला म्हनून का होईना, तो त्या बोटीवर उभा राहिला होता.

पुढचे दिवस कसे गेले ते काय सांगू. चिखलात गुडघाभर उभी राहून मी हात घालायची नि डोक्यात तीच. आता ती कठड्याला असेल. आता चहा पीत असेल. नि वर ही धास्ती, की तिनं ट्रंक तळापर्यंत उपसली असेल काय. लुगडं बघितलं की तिला कळनार, वैनी यायला बसली होती. जी नको बोलली तिलाच कळनार. त्यापेक्षा ट्रंक पान्यात पडली तर बरी, असंपन मी मनात आनलं. लुगडं गेलं तरी चालेल.

पाचव्या दिवशी भावकीत हळद होती. नवऱ्यामुलाच्या अंगाला पयली हळद पाच सवाशिनी लावतात, त्यात मी होती. सवाशीन म्हंजे जिचा नवरा जिता हाय ती बाई. त्यातली जी ती आपल्या हळदीचं लुगडं नेसून बसते, आमच्यात तशी रीत. सासू बोलली, "नेस गो, उशीर झाला."

मी बोलली, "आये, किनार उंदरांनी खाल्ली."

"कधी?"

"गेल्या म्हैन्यात."

सासू मना बघत राहिली. "दाखव."

"काय दाखवू, फेकायच्या लायकीचं झालंय."

मी रोजचं, धुवून पांढरट पडलेलं नेसून गेली. चौघी रंगीत नि मी एक फिकी. एक म्हातारी माझ्या कानात बोलली, "काय गो, जावेचं वारं लागलं काय तुला?" मी हळद लावली, हात धुतले, घरी आली. सासू त्या दिवसापासून माझ्याशी मोजकंच बोलायची. तिला वाटलं मी लुगडं इकलं, नायतर माहेरी देऊन आली.

नवव्या दिवशी जाव आली. काळी पडली होती, ओठ फुटले होते, नि चालताना हात हालवत येत होती. आधी ती पर्स छातीला धरून चालायची. सगळ्यांना काजू वाटले. सासूला गुडघ्याला लावायला कसलं तरी तेल आनलं. ननंदेसाठी एक आरसा ठेवला, शिंपल्यांचा. "परात नको बघायला," बोलली. मना काय दिलं नाय. नुसती ट्रंक समोर ठेवली. काथ्या बांधलेला, गाठ माझ्या बापसाची, बरोब्बर मारलेली.

मी ट्रंक आतल्या खोलीत नेली, दार लोटलं, गाठ ओढली. लुगडं सगळ्यात वर होतं.

घडी माझी नव्हती. आमी लुगड्याची घडी लांब घालतो, ही चौकोनी, हापिसातल्या पातळासारखी. नाकाला लावलं. खाऱ्या वाऱ्याचा वास, नि पावडरचा. किनारीला एका जागी गंजाचा डाग, लोखंडाच्या कठड्याला घासलेला. आनि नेसलेलं लुगडं हाताला कळतं. त्याची खळ मोडलेली असते.

संध्याकाळी पान्याला गेलो तेव्हा विहिरीवर आमी दोघीच होतो. मी कळशी सोडली. तीच पयलं बोलली.

"वैनी, मी नेसली होती."

"कळलं."

"रागावलात?"

"किती वेळ नेसली होती?"

"जाताना एक दिवस. दुसऱ्या दिवशी पनजी दिसेपर्यंत."

मी कळशी वर ओढली. ती बोलत राहिली, विहिरीत बघून. गोधडी काढताना पेपराखाली पोपटी दिसलं बोलली. आधी वाटलं चुकून राहिलं. मग कळलं. कळल्यावर रडली, बोलली, मग बोटीवरच्या बायकांच्या मोरीत जाऊन नेसून आली. आरशात बघून टिकली लावली. गळा पदरानं झाकून घेतला, म्हंजे कोनी मंगळसूत्र शोधू नये.

"पाच वर्षांनी रंग घातला अंगावर," बोलली. "कोन ओळखीचं नव्हतं ना. म्हनून एकटी गेली वैनी. तुमी आला असतात तर मी तिथंपन तुमच्या दिराची विधवाच राहिली असती. तुमी काय बोलला नसतात. पन तुमी बघितलं असतं ना."

मी इचारलं, "बोट लागली?"

"नाय. आलं धरलं तोंडात."

"नि कुठच्या बाजूला उभी होती?"

"डोंगर दिसतो त्या बाजूला. भोंगा वाजला तर पोटात हालतं वैनी. पान्याचा रंग खाडीसारखा नसतो तिथं, निळा पन नाय, काळाच."

तिनं सांगितलं नि मी ऐकलं. मना तिची दया यायला पायजे होती. आली पन, खोटं कशाला बोलू. पन त्याच्या खाली तीच आग. माझं लुगडं, माझ्या बापसाची बोट, नि उभी ती. माझ्या नशिबाला तिच्या अंगावरचा वास.

मग तिनं फोटोचं सांगितलं. बोटीवर एक कुटुंब होतं, नवरा-बायको नि दोन मुली, पुन्याकडचे बहुतेक. त्यांना ते लुगडं नेसायची तऱ्हा आवडली, गुडघ्यापर्यंत, घट्ट. त्या मानसाकडं कॅमेरा होता. त्यानं आपल्या बायकोला नि जावेला कठड्याला उभं करून फोटो काढला. पत्ता द्या, पाठवतो, बोलला. जावेनं पत्ता दिला नाय. फोटो घरी आला असता तर टपाल सासूच्या हातात पडलं असतं.

"उतरायच्या आधी टिकली काढून पान्यात टाकली," बोलली. नि मग, "वैनी, ते लुगडं आता तुमी नेसू नका. मी नवीन घेते तुमाला. हे खाडीत सोडून द्या."

कारन आमच्यात असं मानतात. विधवेनं नेसलेलं लुगडं सवाशिनीनं अंगाला लावलं तर तिचं कुंकू जातं. सासूला कळलं असतं तर तिनं ते लुगडं जाळलं असतं, नि जावेला घराबाहेर काढली असती. जाव माझ्या कळशीला धरून उभी होती. तिचं सगळं आता माझ्या जिभेवर होतं.

मी बोलली, "माझ्या बापसानं दिलंय. मी नाय सोडायची."

चैतातल्या जत्रेला मी तेच नेसली. सासूनं बघितलं. किनार धरून, बोटांनी चाचपत, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली.

"उंदरांनी कुठं खाल्लं गो?"

"मना वाटलं खाल्लंय आये. अंधारात बघितलं होतं."

ती गंजाच्या डागावर थांबली. नखानं खरवडला. मग बोलली, "लिंबू लाव," नि सोडून दिली. तिला काय कळलं, काय नाय, ती आपल्याबरोबर घेऊन गेली.

मी नेसली त्यात मोठं मन नव्हतं. नवीन लुगडं तिच्या पगारातनं आलं असतं तर मी रोज त्याच्यावर जळली असती. नि हे माझं होतं, दर्या बघून आलेलं होतं. पन भीती होती. ते अख्खं वरीस नवरा नुसता खोकला तरी हातातलं टाकून मी धावायची. रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची. तो बोलायचा, काय गो, काय शोधतेस. त्याच्यावर तो वीस वर्षं जगला, नि गेला तो म्हातारपनानं गेला.

पुढं ती बोट बंद झाली. माझं राहिलं ते राहिलंच. जाव वाशीला हापिसाच्या क्वार्टरात गेली, सनावाराला यायची. आमी दोघी परत त्यावर कधी बोललो नाय. एकदाच, माझ्या मुलाच्या हळदीला, ती मागं, विधवांच्या ओळीत उभी होती नि मी ते पोपटी नेसून पाटावर होती. तिनं नुसती किनारीकडं बोट केलं, डाग होता तिथं. मी पदर फिरवून घेतला.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. फोटो लावायचा म्हनून शोधला तर हापिसाच्या कार्डावरचा तेवढा निघाला, नखाएवढा. त्यात तिचं तोंड कोनी तिच्यावर ओरडल्यासारखं. लुगडं माझ्याकडं हाय अजून, त्याच ट्रंकेत. आता मना पन ते नेसता येत नाय.

तर तुमी वाचताय, तुमच्या घरात जुना आल्बम असेल. गोव्याच्या बोटीवरचा फोटो असेल तर बघा. कठड्याला दोन बायका उभ्या. एक तुमची आई नायतर आजी. दुसरी सावळी, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, पदर गळ्याभोवती, कपाळाला टिकली. फोटो काळा-पांढरा असला तर रंग कळनार नाय, पन ते पोपटी हाय, किनार तांबडी. फोटो तुमचा, तुमीच ठेवा. मी जुईनगरला मुलाकडं असते, मना एकदा बघायला द्या. मना तिला बघायचंय. नि लुगडं पन.